‘पर्यायी औषध’ : संक्रमणी धातूंची कर्करोगविरोधी संयुगे आणि एका विशेषणाचा विचार

१. निमित्त

गेल्या पावसाळ्यात वारणेच्या पल्याडच्या एका गावातील शेतकरी गृहस्थ प्रस्तुत लेखकाच्या घरी आले. दारावरील पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ ही अक्षरे पाहून आपण योग्य ठिकाणी आलो, असा त्यांचा समज झाला होता. त्यांच्या पत्नीस गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेला असून तिच्यावर किरणोपचार चालू होते आणि त्यांच्या जोडीला आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध दिले जात होते. गृहस्थांनी खिशातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले. कोणत्याशा महाविद्यालयात तांब्याची काही नवी संयुगे तयार झाल्याची ती बातमी होती. मथळा होता, ‘कर्करोगावर पर्यायी औषध’.

“डॉक्टरसाहेब, सलाईननं तिला लई उलट्या होत्यात. हे पर्यायी औषध सुरू केलं तर सलाईन बंद करता येईल न्हवं? आणि हे मिळत नसंल तर तांब्याचं भस्म दिलं तर चालंल का?”

भाषाशास्त्राच्या पदवीने या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून त्यांना घेऊन रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याकडे जावे लागले. सहकाऱ्याने रुग्णालयाचे कागद वाचले आणि म्हटले, “तुमच्या मंडळींना सलाईनमधून जे औषध देतात, तेही धातूचंच आहे. प्लॅटिनमचं. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदाही चुकवू नका.”

त्यानंतर झालेल्या संभाषणातून आणि वाचनातून प्रस्तुत लेख निष्पन्न झाला आहे. संक्रमणी धातूंच्या संयुगांचा कर्करोगावरील औषधे म्हणून जो अभ्यास चालतो, त्याचे स्वरूप पदव्युत्तर विद्यार्थ्यांना समजेल अशा रीतीने मांडणे हा लेखाचा पहिला हेतू आहे. या अभ्यासाविषयी मराठीत लिहिताना ‘पर्यायी’ हे विशेषण कोणत्या अर्थाने योजावे आणि कोणत्या अर्थाने योजू नये, याचा विचार करणे हा दुसरा हेतू होय. दुसरा प्रश्न वरवर शब्दाचा दिसतो. परंतु त्या गृहस्थांनी आपल्या पत्नीचे उपचार थांबविण्याचा विचार केला तो याच शब्दाच्या आधारावर, हे विसरता येत नाही.

२. ‘संक्रमणी’ आणि ‘धातू’

ज्या मूलद्रव्यांच्या अणूंत, किंवा त्यांच्या नेहमी आढळणाऱ्या आयनांत, ‘डी’ नावाच्या कक्षा इलेक्ट्रॉनांनी अंशतः भरलेल्या असतात, त्यांना संक्रमणी मूलद्रव्ये म्हणतात. लोह, कोबाल्ट, निकेल आणि तांबे ही त्यांपैकी परिचित होत. आवर्तसारणीत त्यांच्या खालील ओळीत रुथेनियम व पॅलेडियम आणि त्याखाली प्लॅटिनम व सोने येतात. चार्ल्स बरी या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ साली या गटाचे वर्णन करताना इलेक्ट्रॉनांचा आतील थर ८ वरून १८ पर्यंत वाढत जातो, त्या अवस्थांतराला उद्देशून हे नाव वापरले. मराठीतील ‘संक्रमण’ हा शब्द ‘मकरसंक्रमणा’तील अर्थाने, म्हणजे एका स्थानातून दुसऱ्या स्थानात जाणे या अर्थाने, येथे चपखल बसतो. मात्र अलीकडे हिंदीच्या प्रभावाने ‘संक्रमण’ हा शब्द रोगाच्या संसर्गासाठीही वापरला जाऊ लागला आहे. त्यामुळे ‘संक्रमणी धातू’ म्हणजे रोग पसरविणारे धातू अशी शंका एखाद्या सामान्य वाचकास आली, तर तिचे आश्चर्य वाटू नये.

या धातूंचा विशेष गुण असा की, त्यांचा आयन आपल्याभोवती ठराविक संख्येने इतर अणू, आयन किंवा रेणू बांधून घेऊ शकतो. बांधल्या जाणाऱ्या या घटकांना लिगँड म्हणतात. या संज्ञेच्या मुळाशी ‘बांधणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. मध्यवर्ती धातू आणि त्याचे लिगँड मिळून जे संयुग बनते, त्यास जटिल संयुग म्हणतात. अशा संयुगांची रचना कशी असावी, याची उपपत्ती आल्फ्रेड वेर्नर याने १८९३ साली मांडली आणि तिजबद्दल त्यास १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भाषेच्या विद्यार्थ्यांस ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ल्यूस्याँ तेनिएर याच्या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात क्रियापदाभोवती किती नामपदे येऊ शकतात हे सांगण्यासाठी रसायनशास्त्रातील संयुजेचीच संज्ञा उसनी घेतलेली आहे. आपल्याकडे तर ‘धातू’ हा शब्दच दोन्ही शास्त्रांत चालतो. संस्कृत व्याकरणात ‘हृ’ या एकाच धातूपासून उपसर्गभेदाने आहार, विहार, प्रहार आणि संहार असे परस्परांशी काडीचाही मेळ नसलेले शब्द सिद्ध होतात. ‘हृ’ या धातूचा परिणाम शरीरास पोषक की मारक, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. कारण उपसर्गावाचून त्या प्रश्नास अर्थच नाही. धातूच्या संयुगांविषयीही हाच विवेक ठेवला पाहिजे. तांब्याची तार, ताम्रभस्म, मोरचूद आणि प्रयोगशाळेत तयार केलेले तांब्याचे एखादे जटिल संयुग ही चार भिन्न द्रव्ये आहेत. त्यांची विद्राव्यता, विषारीपणा आणि शरीरातील प्रवास एकमेकांपासून निराळा असतो. म्हणून ‘तांबे कर्करोगावर गुणकारी आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले, तरी शास्त्रदृष्ट्या ते अपुरे आहे. जटिल संयुगाची बातमी ताम्रभस्मास लागू होत नाही, हे त्या गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय.

३. अल्याड आणि पल्याड

रेणूतील घटक तेच असूनही केवळ मांडणी बदलल्याने औषधाचा गुण नाहीसा होतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सिसप्लॅटिन हे आहे. त्याच्या रेणूत प्लॅटिनमचा एक अणू, अमोनियाचे दोन रेणू आणि क्लोरीनचे दोन अणू असतात. प्लॅटिनम मध्यभागी आणि चार लिगँड एका चौरसाच्या चार कोपऱ्यांवर, अशी ही मांडणी आहे. दोन्ही क्लोरीन शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर असतील तर ते ‘सिस’ रूप, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांवर असतील तर ते ‘ट्रान्स’ रूप. लॅटिनमध्ये या दोन उपसर्गांचे अर्थ अनुक्रमे ‘अलीकडील बाजूस’ आणि ‘पलीकडील बाजूस’ असे आहेत. रोमन लोक आल्प्स पर्वताच्या अल्याडच्या आणि पल्याडच्या गॉल प्रांतांना हेच उपसर्ग लावीत. वारणा नदी कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांची सीमा असल्याने वारणाकाठच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर अल्याड-पल्याड हे शब्द रोज पडतात. ‘समपक्ष’ आणि ‘विपक्ष’ या संस्कृत संज्ञा उपलब्ध आहेतच. परंतु वर्गात अर्थ समजावून देताना अल्याड-पल्याड या जोडीचा अधिक उपयोग होतो, असा अनुभव आहे.

सिसप्लॅटिन हे संयुग मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४४-४५ च्या सुमारास तयार केले. पुढे सव्वाशे वर्षे त्याचा औषधाशी काही संबंध आला नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हा पेशीविभाजनावर विद्युत्क्षेत्राचा काय परिणाम होतो हे पाहत होता. विद्युत्प्रवाह सोडण्यासाठी त्याने प्लॅटिनमचे विद्युत्-अग्र वापरले, कारण प्लॅटिनम निष्क्रिय असतो अशी समजूत होती. प्रवाह चालू असता ई. कोलाय या जिवाणूंचे विभाजन थांबले, पण वाढ थांबली नाही. ते नेहमीच्या सुमारे ३०० पट लांबीपर्यंत तंतूसारखे वाढले. कारणाचा शोध घेता असे आढळले की, हा परिणाम विजेचा नव्हता. विद्युत्-अग्रातील थोडासा प्लॅटिनम द्रावणात उतरून तेथील अमोनियम क्लोराइडाशी त्याची संयुगे बनली होती आणि विभाजन थांबविण्याचे काम त्यांनी केले होते. हे निरीक्षण १९६५ साली प्रसिद्ध झाले. उंदरांतील अर्बुदांवर अशी संयुगे प्रभावी ठरतात हे १९६९ साली प्रसिद्ध झाले. १९७१ पासून रुग्णांना सिसप्लॅटिन देण्यास आरंभ झाला आणि १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली. ट्रान्स रूप मात्र औषध म्हणून निरुपयोगी ठरले.

त्याचे कार्य पुढीलप्रमाणे चालते. रक्तात क्लोराइडाचे प्रमाण लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल असते. त्यामुळे तेथे सिसप्लॅटिनचे क्लोरीन बहुतांशी जागच्या जागी राहतात. पेशीच्या आत हे प्रमाण पुष्कळच कमी, सुमारे ४ ते २० मिलिमोल, असते. तेथे क्लोरीन सुटतात आणि त्यांच्या जागी पाण्याचे रेणू येतात. असे झालेले संयुग डीएनएमधील ग्वानीन या घटकाच्या एका विशिष्ट नायट्रोजनास जाऊन चिकटते. दोन क्लोरीन शेजारी असल्यामुळे रिकाम्या झालेल्या दोन जागाही शेजारीच असतात, आणि म्हणून प्लॅटिनमचा एकच अणू डीएनएच्या एकाच धाग्यावरील लगतच्या दोन ग्वानिनांना एकदम पकडू शकतो. त्या ठिकाणी डीएनएला बाक येतो, त्याची नक्कल काढण्याचे काम अडते, आणि हानी दुरुस्त होण्याजोगी नसेल तर पेशी स्वतःचा अंत घडवून आणते. ट्रान्स रूपात रिकाम्या जागा समोरासमोर पडतात. त्यामुळे लगतचे दोन ग्वानीन या रीतीने पकडता येत नाहीत.

या औषधाने घडविलेला सर्वांत मोठा पालट वृषणाच्या कर्करोगात दिसून आला. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न याने १९७४ पासून सिसप्लॅटिन, व्हिन्ब्लास्टीन आणि ब्लिओमायसीन ही तीन औषधे एकत्र दिली. शरीरात इतरत्र पसरलेल्या वृषण-कर्करोगातून पूर्वी शंभरांतील सुमारे दहा रुग्ण बरे होत. या उपचारानंतर हे प्रमाण ऐंशींच्या आसपास गेले. येथे हेही नमूद केले पाहिजे की, या त्रयीतील ब्लिओमायसीन हे सूक्ष्मजीवापासून मिळालेले द्रव्य शरीरात लोहाशी बांधले गेल्यावरच डीएनए तोडते. म्हणजे तीनपैकी दोन औषधांचे कार्य संक्रमणी धातूंवर अवलंबून होते.

४. पर्यायाची निकड

असे असता सिसप्लॅटिनला पर्याय शोधण्याचे कारण काय? पहिले कारण त्याचे दुष्परिणाम. मूत्रपिंडांना इजा पोचते, कानांची श्रवणशक्ती कमी होते, हातापायांच्या मज्जातंतूंना बधिरता येते आणि तीव्र उलट्या होतात. औषधाआधी व नंतर भरपूर सलाईन देण्याची पद्धत मूत्रपिंडांच्या रक्षणासाठीच रूढ झाली. दुसरे कारण असे की, काही अर्बुदे आरंभापासून, तर काही थोड्या उपचारानंतर, या औषधास दाद देत नाहीत. पेशी औषध आत घेण्याचे कमी करते, गंधकयुक्त द्रव्यांनी त्यास निष्प्रभ करते, अथवा डीएनएची दुरुस्ती अधिक वेगाने करते. तिसरे कारण म्हणजे अनेक प्रकारच्या कर्करोगांवर त्याचा मुळातच फारसा परिणाम होत नाही.

पहिले पर्याय प्लॅटिनमच्याच कुळात सापडले. कार्बोप्लॅटिनला १९८९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते मूत्रपिंडांस सौम्य आहे, पण रक्तपेशींवर त्याचा भार अधिक पडतो. जपानमधील नागोया येथे योशिनोरी किदानी यांच्या प्रयोगशाळेत १९७६ साली जन्मास आलेले ऑक्झॅलिप्लॅटिन पुढे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर उपयोगी ठरले. त्यास अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली.

प्लॅटिनमबाहेरच्या धातूंचा इतिहास मात्र इतका उत्साहवर्धक नाही. टायटॅनियमचे टायटॅनोसीन डायक्लोराइड अर्बुदांवर प्रभावी आहे असे बर्लिनमधील कोप्फ व कोप्फ-मायर यांनी १९७९ साली दाखविले. त्याच धातूचे ब्यूडोटिटेन १९८६ साली रुग्णांवरील चाचणीस गेले. दोन्ही पाण्यात लवकर विघटित होत आणि दोहोंपैकी एकही औषध म्हणून मान्य झाले नाही. रुथेनियमचे ‘नामी-ए’ हे संयुग इटलीतील त्रिएस्ते येथे, आणि ‘केपी-१०१९’ हे बर्नहार्ड केप्लर यांच्या गटात तयार झाले. पहिल्याची रुग्णांवरील परिणामकारकता अपुरी ठरली. दुसऱ्याची विद्राव्यता अपुरी असल्याने त्याचे सोडियम लवण करून पुढील चाचण्या घ्याव्या लागल्या. सांधेदुखीवर १९८५ साली मान्य झालेले सोन्याचे ऑरानोफिन हे औषध कर्करोगावरही तपासले गेले. पॅलेडियमच्या पॅडेलिपोर्फिन या संयुगास २०१७ साली युरोपात पुरःस्थ ग्रंथीच्या कमी जोखमीच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पण ते लेझरचा प्रकाश पाडल्यावरच कार्य करते, म्हणजे त्याची जात निराळी आहे.

५. काचेपासून रुग्णशय्येपर्यंत

महाराष्ट्रातील विद्यापीठांतही या विषयावर दीर्घकाळ काम झालेले आहे. पुणे विद्यापीठातील सुभाष पाध्ये यांनी जॉर्ज कॉफमन यांच्यासह सेमिकार्बाझोन व थायोसेमिकार्बाझोन या लिगँडांच्या संक्रमणी धातूंशी होणाऱ्या जटिल संयुगांचा विस्तृत आढावा १९८५ साली प्रसिद्ध केला. याच कुळातील एका लिगँडाच्या धातुसंयुगांचा मानवी स्तनकर्करोगाच्या ‘टी-४७डी’ या पेशीवाणावर काय परिणाम होतो, याविषयी पाध्ये व त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख २००३ साली आला. त्या लेखाच्या शीर्षकातील एका शब्दाकडे लक्ष वेधावयाचे आहे. संयुगांना तेथे कर्करोगविरोधी द्रव्ये म्हटलेले नाही, ‘संभाव्य’ कर्करोगविरोधी द्रव्ये म्हटले आहे. आणि चाचणी काचपात्रातील आहे हेही शीर्षकातच सांगितले आहे. संशोधकाने जी दक्षता शीर्षकात घेतली, ती बातमीच्या मथळ्यात बहुधा गळून पडते.

काचपात्रातील चाचणी म्हणजे काय, हे ध्यानात घेतले की ‘संभाव्य’ या शब्दाचे वजन कळते. रुग्णाच्या अर्बुदातून एकदा काढलेल्या आणि प्रयोगशाळेत पिढ्यानुपिढ्या वाढविल्या जाणाऱ्या पेशींस पेशीवाण म्हणतात. त्यांपैकी सर्वांत जुना मानवी वाण ‘हेला’ हा होय. तो १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासूनच मिळविलेला आहे. पेशींवर संयुगाच्या वेगवेगळ्या मात्रा टाकून त्यांची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा काढतात. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत अशा चाचणीची सोय करण्यात आली आणि राज्यातील अनेक महाविद्यालयांनी आपले नमुने तेथे पाठविले.

ही चाचणी उपयुक्त आहे. पण तिचा निष्कर्ष मर्यादित आहे. काचपात्रातील पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात आणि फिनेलनेही मरतात. संयुग औषध ठरावयाचे असेल, तर ते पाण्यात विरघळले पाहिजे, रक्तातील प्रथिनांना आणि यकृताला चुकवून अर्बुदापर्यंत पोचले पाहिजे, निरोगी पेशींना तुलनेने कमी इजा करणारे असले पाहिजे, आणि पुन्हा पुन्हा देता येण्याजोगे असले पाहिजे. यानंतर प्राण्यांवरील परीक्षा, आणि मग रुग्णांवरील तीन टप्पे. पहिल्यात सहन होणारी मात्रा, दुसऱ्यात परिणामाची चिन्हे आणि तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी तुलना पाहिली जाते. थायोसेमिकार्बाझोन कुळातील ट्रायापीन हे द्रव्य लोहाशी बांधले जाऊन पेशीच्या एका आवश्यक विकराचे कार्य रोखते. ते तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचले. गर्भाशयमुखाच्या आणि योनिमार्गाच्या कर्करोगात किरणोपचार व सिसप्लॅटिन यांना त्याची जोड दिली असता रुग्णांचे आयुर्मान वाढत नाही, असा निष्कर्ष २०२३ साली जाहीर झाला. इतक्या वर्षांच्या आणि इतक्या पद्धतशीर प्रयत्नानंतरही असे घडू शकते. मग केवळ पहिली पायरी चढलेल्या संयुगास ‘औषध’ म्हणणे किती धाडसाचे आहे, हे निराळे सांगणे न लगे.

६. मुंबईतील तुलना

‘पर्याय’ हा शब्द ज्या ठिकाणी कसोटीवर घासला जातो, त्याची उदाहरणे मुंबईतच आहेत. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. गर्भाशयमुखाचा कर्करोग ‘३-ब’ या पुढच्या अवस्थेत असलेल्या ८५० स्त्रियांवर तेथे २००३ ते २०११ या काळात एक चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकून नेमणूक करावी त्याप्रमाणे निम्म्या स्त्रियांना केवळ किरणोपचार आणि निम्म्यांना किरणोपचारांसह दर आठवड्यास सिसप्लॅटिन देण्यात आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील शेकडा ४६, तर दुसऱ्या गटातील शेकडा ५४ स्त्रिया हयात होत्या. शंभरांत आठ जणींचा हा फरक आहे. कात्रणातील मथळ्यावर विसंबून सलाईन सोडले असते, तर कशावर पाणी सोडावे लागले असते, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

त्याच वर्षी त्याच संस्थेची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. डोके व मान या भागातील कर्करोगाच्या ३०० रुग्णांत, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ३० मिलिग्रॅम सिसप्लॅटिन दर आठवड्यास देणे आणि १०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी देणे, या दोन रीतींची तुलना करण्यात आली. दोन वर्षांनंतर मूळ जागी व आसपास रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण पहिल्या रीतीत शेकडा ५८.५ आणि दुसऱ्या रीतीत ७३.१ भरले. सौम्य वाटणारा पर्याय समतुल्य असतोच असे नाही, हा यातील बोध होय.

तथापि जुने औषध नेहमीच सरस ठरते, असाही समज करून घेऊ नये. डोके व मान यांच्या पुढे गेलेल्या कर्करोगात, जेथे रोग बरा करणे नव्हे तर आयुष्य वाढविणे एवढाच हेतू उरतो, तेथे ४२२ रुग्णांवर मेथोट्रेक्झेट व सेलेकॉक्सिब यांच्या गोळ्यांची शिरेतून दिलेल्या सिसप्लॅटिनशी तुलना झाली. २०२० च्या अहवालाप्रमाणे मध्यक आयुर्मान गोळ्यांच्या गटात ७.५ महिने आणि सिसप्लॅटिनच्या गटात ६.१ महिने होते. मूत्रपिंड वा श्रवण यांच्या दोषामुळे सिसप्लॅटिन देताच येत नाही अशा ३५६ रुग्णांत किरणोपचारांना डोसिटॅक्सेलची जोड दिली असता दोन वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण शेकडा ३०.३ वरून ४२ वर गेले. हा निष्कर्ष २०२३ चा आहे. या दोन्ही उदाहरणांत ‘पर्यायी औषध’ हा प्रयोग पूर्णपणे रास्त आहे. विशेष म्हणजे या दोन्ही पर्यायांत धातू नाही. धातूच्या औषधाचा पर्याय धातूचाच असला पाहिजे, असा नियम नाही.

७. साकांक्ष विशेषण

आपल्या प्राचीन शब्दबोधशास्त्रात वाक्यार्थज्ञानासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी यांची आवश्यकता सांगितली आहे. ‘पर्यायी’ हे विशेषण अत्यंत साकांक्ष आहे. ते ऐकताच तीन प्रश्न उभे राहावयास हवेत : कशाला पर्याय? कोणत्या रुग्णासाठी? कोणत्या तुलनेवरून? मुंबईतील चाचण्यांत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. काचपात्रातील चाचणीच्या अहवालात एकाचेही उत्तर नसते. कात्रणातील मथळ्यात तर ‘कर्करोगावर’ एवढेच होते. म्हणजे पर्याय कशाला, हे पद मोकळेच राहिले होते. ते मोकळे पद वाचक आपल्या गरजेने भरतो. शेतकरी गृहस्थांनी तेथे ‘सलाईनला’ हे पद घातले, आणि त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही तेच घातले असते. शिवाय सामान्य व्यवहारात ‘पर्यायी उपचार’ म्हणजे रुग्णालयाबाहेरचे उपचार असा अर्थ रूढ झालेला असल्याने घोटाळा दुप्पट होतो.

यास्तव प्रबंधांची मराठी शीर्षके, सारांश आणि वर्तमानपत्रांना द्यावयाची निवेदने लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे एक नम्र सूचना ठेवावीशी वाटते. केवळ पेशीवाणावर तपासलेल्या संयुगास ‘पेशीनाशक संयुग’ म्हणावे आणि पेशीवाणाचे नाव सोबत द्यावे. प्राण्यांवरील परीक्षेत टिकलेल्यास ‘उमेदवार संयुग’ म्हणावे. रुग्णांवरील टप्प्यांत असलेल्यास ‘चाचणीतील औषध’ म्हणून टप्पा सांगावा. ‘औषध’ हा शब्द मान्यता मिळालेल्या द्रव्यासाठी राखून ठेवावा, आणि ‘पर्यायी’ हे विशेषण तुलना झाल्यावाचून योजू नये. धातूचे नाव एकटे लिहू नये. लिगँडासह संयुगाचे नाव लिहावे. ‘संभाव्य’ हा शब्द जागेअभावी गाळला जाण्याची भीती असल्यास संपूर्ण मथळाच निराळा करावा.

या सूचनांमुळे संशोधनाचे महत्त्व कमी होत नाही. पेरोनेचे संयुग सव्वाशे वर्षे कपाटात पडून होते. आज एखाद्या महाविद्यालयात तयार झालेल्या संयुगाचे पुढे काय होईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून ते संयुग नीट तयार करणे, त्याची रचना निश्चित करणे आणि जेवढे पाहिले तेवढेच लिहिणे, हे काम मोलाचे आहे.

ते गृहस्थ जाताना कात्रण टेबलावरच ठेवून गेले. उलट्या थांबविण्यासाठी वेगळी परिणामकारक औषधे असतात, तेव्हा हा त्रास रुग्णालयातील डॉक्टरांना स्पष्टपणे सांगा, एवढे त्यांस सहकाऱ्याने बजावले होते. त्याप्रमाणे औषध बदलून मिळाले आणि राहिलेली सलाईने वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण झाली, असे त्यांनी दिवाळीच्या सुमारास येऊन सांगितले. ते कात्रण आता शब्दार्थविचाराच्या तासाला वर्गात वाचावयास दिले जाते.